जुन्या वाटा वाचवायच्या असतील तर आधी त्यांच्यावरचे दिवे काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शहर वाढलं की शेताकडे, रानाकडे जाणाऱ्या जुन्या वाटा बंद होतात, यात नवीन काही नाही आणि त्यावर हळहळणारी पत्रं पण तुमच्याकडे येतच असतील. मला खटकते ती गोष्ट थोडी वेगळी आहे. जुन्या वाटांसाठी भांडणारे लोक एका खात्याकडे अर्ज करतात, जंगली जनावरांच्या कॉरिडॉरवाले (म्हणजे जनावरांच्या ये-जा करायच्या पट्ट्यांसाठी भांडणारे) दुसऱ्या खात्याकडे, दोघांच्या फायली वेगळ्या, मीटिंगा वेगळ्या, आणि प्रत्यक्ष जाग्यावर जाऊन बघितलं तर बऱ्याच ठिकाणी जमिनीचा पट्टा एकच निघतो.

आणि ते साहजिकच आहे. जुनी वाट कोणी इंजिनियरने आखलेली नसते, ती ओढ्याच्या कडेने, टेकडीच्या सोंडेवरून, दोन गावांच्या शिवेवरून जाते, म्हणजे जिथे चढ कमी, पाणी जवळ आणि कोणाच्या पिकात पाय पडत नाही अशा जागेवरून. जनावराला पण नेमकं हेच लागतं. त्यात वाटेवर नांगर कधी फिरलेला नसतो, त्यामुळे दोन्ही बाजूच्या बांधांवर काटेरी झुडपं माजलेली असतात, खाली वारुळं, बिळं, वरती घरटी, पाऊस पडून गेल्यावर सकाळी लवकर गेलात तर माणसांच्या चपलांच्या ठशांशेजारी सायाळीचे, कधी कोल्ह्याचे ठसे एकाच चिखलात दिसतात. दिवसा माणसं, रात्री ते. कोणी टाइमटेबल लावलेलं नाही तरी चालू आहे. २०१८ साली 'सायन्स' साप्ताहिकात एक अभ्यास आला होता, सहा खंडांतल्या ६२ जातींच्या सस्तन प्राण्यांची माहिती एकत्र करून, त्यात हेच निघालं की माणसाचा वावर वाढला की प्राणी आपला उद्योग रात्रीवर ढकलतात. म्हणजे वाट वाटून घ्यायला ते तयार आहेत, आपणच पट्टाच्या पट्टा खाऊन टाकतो.

आता वाट मरते कशी ते बघा. कोणीतरी एक खलनायक येऊन ती बंद करतो असं नसतं. गावच्या जुन्या नकाशावर पायवाट एका तुटक रेषेने आणि गाडीवाट दोन तुटक रेषांनी दाखवलेली असते. मग एक लेआउट मंजूर होतं, त्याच्या नकाशावर ती तुटक रेष उतरतच नाही, कारण ड्रॉइंग करणाऱ्याने फक्त त्या प्लॉटची मोजणी घेतली. शेजारचा कंपाउंड वॉल घालतो, त्याला वाटतं ही तर पडीक जागा. तिसऱ्याने गेट लावलं, रात्रीपुरतं, मग कायमचं. चार वर्षांनी कोणी तक्रार केली की उत्तर मिळतं, आता तिथून कोण जातं? अहो, गेट आहे म्हणून कोणी जात नाही! आणि यातली मेख अशी की पाच किलोमीटरची वाट बंद करायला पाच किलोमीटरची भिंत लागत नाही, मधला वीस मीटरचा तुकडा गेला तरी पुरतं. माणूस निदान मेन रोडने वळसा घालून जातो (आणि ट्रकच्या अंगावर जातो, तो भाग वेगळा), जनावराला वळसा माहीत नसतो.

माळशेजला सोडलेल्या बिबट्याची गोष्ट बऱ्याच जणांना आठवत असेल. 'आजोबा' नाव ठेवलं होतं त्याचं. २००९ साली जीपीएस कॉलर लावून घाटात सोडला, तर हा पठ्ठ्या महिन्याभरात १२० किलोमीटरच्या आसपास चालून मुंबईच्या नॅशनल पार्कात पोचला, मध्ये हायवे, रेल्वेलाइन, वस्त्या सगळं आलं. कोणावर हल्ला नाही, काही नाही. कॉलर नसती तर कोणाला पत्ताही लागला नसता की आपल्या घरांच्या मागून असा एक प्राणी गेला. २०११ च्या डिसेंबरमध्ये तोच बिबट्या अहमदाबाद हायवेवर गाडीखाली मेला. शहरात बिबट्या 'घुसला' अशी हेडिंग तुम्ही लोक पण देता म्हणून सांगतो, राग मानू नका, बऱ्याचदा तो घुसलेला नसतो, त्याची जायची वाट आपण मध्येच संपवलेली असते.

कोणी म्हणेल, ठीक आहे, एका पार्कातले प्राणी एका पार्कात राहूदेत, फिरायची काय गरज? फ्लोरिडात हे होऊन गेलंय. तिथले प्यूमा (मांजराच्या कुळातला मोठा शिकारी प्राणी) चहूबाजूंनी रस्ते आणि वस्त्यांनी कोंडले गेले, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वीस-तीसच उरले होते, आपसातच पैदास होऊन शेपट्या वाकड्या, हृदयात दोष, नरांमध्ये वंध्यत्व. शेवटी १९९५ मध्ये टेक्सासहून आठ माद्या आणून सोडाव्या लागल्या तेव्हा कुठे ती जात सावरली. चालत येऊ शकणारा प्राणी गाडीत घालून आणायची वेळ. प्यूमा मोठा म्हणून त्याची बातमी झाली, सरडे, बेडूक, फुलपाखरं यांचं हेच होत असेल तर त्यांच्यासाठी कोण गाडी पाठवणार?

आता स्पेनचं सांगतो, कारण या विषयात मला सगळ्यात जास्त शिकण्यासारखं तिथेच वाटतं, चांगलं पण आणि वाईट पण. तिथे मेंढपाळ उन्हाळ्यात डोंगरात आणि थंडीत मैदानात जायचे, आपल्याकडचे धनगर फिरतात तसंच, आणि त्यांच्या वाटांना मध्ययुगापासून राजाचं संरक्षण होतं, १२७३ मध्ये राजा दहाव्या आल्फोन्सोने मेंढपाळांच्या संघटनेला हक्कच लिहून दिले. सगळ्यात मोठ्या वाटेची रुंदी ठरलेली, सुमारे ७५ मीटर. पुन्हा वाचा, पंचाहत्तर मीटर, मेंढरांसाठी! असं एकूण जाळं सव्वा लाख किलोमीटरच्या घरात आहे. मेंढपाळी कमी झाली तेव्हा हे सगळं विकून टाकणं सोपं होतं, पण १९९५ मध्ये त्यांनी कायदा केला की या वाटा सार्वजनिक मालकीच्या, विकता येणार नाहीत, जप्त होणार नाहीत, आणि कितीही वर्षं कब्जा केला तरी कब्जेदाराला हक्क मिळणार नाही. शिवाय त्याच कायद्यात या वाटांचा उपयोग प्राणी-वनस्पतींचे कॉरिडॉर म्हणूनही लिहून ठेवला. एकच पट्टा, एकच कायदा, दोन्ही कामं. मेंढ्यांच्या लोकरीत अडकलेलं बी शेकडो किलोमीटर जातं, त्यामुळे कळप म्हणजे तिथे चालतं रोपण आहे. दर वर्षी एक दिवस माद्रिदच्या ऐन मध्यवस्तीतून मेंढ्यांचा कळप जातो, १९९४ पासून, ट्राफिक थांबवून. पर्यटक फोटो काढतात ते ठीक आहे पण मूळ मुद्दा हक्क दाखवून देण्याचा आहे, की वाट अजून आमची आहे.

वाईट भाग असा की त्याच माद्रिदच्या कडेला कान्यादा रेआल गालियाना नावाच्या वाटेवर सुमारे १४ किलोमीटर लांबीची वस्ती उभी राहिली. पन्नास-साठ वर्षं लोक येत गेले, बांधत गेले, बहुतेक गरीब, कष्टकरी. शेवटी २०११ मध्ये त्या तुकड्याचा वाटेचा दर्जाच काढून घ्यायचा कायदा करावा लागला, आणि तरीही प्रश्न सुटला नाही, २०२० च्या ऑक्टोबरपासून तिथल्या हजारो लोकांची लाइट गेली ती गेलीच. म्हणजे कायदा कागदावर कितीही कडक असला तरी जाग्यावर खांब रोवून हद्द दाखवली नाही तर पन्नास वर्षांनी तुमच्यापुढे दोनच पर्याय राहतात, गरिबांची घरं पाडा नाहीतर वाट विसरा. दोन्ही वाईट. म्हणून हे काम शहर पोचायच्या आधी करायचं असतं, नंतर बुलडोझर पाठवून मर्दुमकी दाखवण्यात काही अर्थ नाही.

इंग्लंड-वेल्सचं थोडक्यात. १९४९ च्या कायद्याने तिथल्या काउंट्यांना (म्हणजे जिल्ह्यांना) प्रत्येक सार्वजनिक पायवाटेचा अधिकृत नकाशा करायला लावला, आणि नकाशात आलेली वाट वापरली नाही म्हणून संपत नाही, एकदा सार्वजनिक ती कायम सार्वजनिक. शेतमालकाच्या जमिनीतून वाट गेली तर जमीन त्याचीच राहते, लोकांना फक्त जायचा हक्क. तरीही २०२० मध्ये तिथल्या पदयात्रींच्या संघटनेने हजारो लोकांना घरबसल्या जुने आणि नवे नकाशे शेजारी शेजारी लावून तपासायला सांगितलं तर ४९,००० मैलांहून जास्त वाटा नकाशातून सुटलेल्या निघाल्या. हे काम आपल्याकडेही कॉलेजची पोरं करू शकतील, जुने नकाशे आता बरेचसे स्कॅन झालेत.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं तो मुद्दा. वाट वाचवायची म्हटलं की आपल्याकडे लगेच सुशोभीकरण सुरू होतं. पेव्हर ब्लॉक, दोन्ही बाजूला कर्बस्टोन, झुडपं साफ, शोभेची झाडं, ओपन जिम, आणि दर वीस मीटरवर दिवा, टोकाला हायमास्ट. उद्घाटनाचा फोटो छान येतो. पण वाटेत जे काही जिवंत होतं ते झुडपांत, मातीत आणि अंधारात होतं, आणि तेच तिन्ही तुम्ही काढून टाकलंत. २००९ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांचा एक साधा प्रयोग छापून आला, त्यांनी झुडपांच्या कुंपणाच्या ज्या रांगांवरून एका लहान जातीची वटवाघळं रोज रात्री ये-जा करतात तिथे रस्त्यावरचे असतात तसे सोडियमचे दिवे लावले. वटवाघळांची ये-जा एकदम घटली. भिंत नाही, कुंपण नाही, नुसता उजेड, तरी रस्ता बंद. त्यामुळे वाट वाचवायला निघालेल्या नगरसेवकांना, आणि आमच्यासारख्या मॉर्निंग वॉकवाल्यांना पण, माझी हात जोडून विनंती आहे की मुरूम टाका, पाणी साचतं तिथे मोरी करा, काटे अंगाला लागतात तेवढे छाटा, आणि बास करा. उजेड पाहिजेच असेल तर वस्तीजवळच्या टोकाला, खाली झुकलेला, ठरावीक वेळेपर्यंत.

एक बाजू मात्र टाळून चालणार नाही. ज्याच्या शेताला लागून हा पट्टा जातो त्याचं काय? रानडुक्कर पीक उधळून जातं तेव्हा कॉरिडॉरवर भाषण देणारा कोणी तिथे नसतो. संध्याकाळी त्या वाटेने घरी येणाऱ्या बाईला अंधाराची भीती वाटते ती पण खरी आहे, तिला वटवाघळांचा प्रयोग सांगून उपयोग नाही. म्हणून मी म्हणतोय की रुंदी लागते. वाट चार फुटांची उरली की माणूस आणि जनावर अंगावर येतात, पट्टा रुंद असला तर मधून मोकळी स्वच्छ पायवाट आणि कडेने दाट झाडोरा, दोघं एकमेकांना टाळू शकतात. आणि नुकसानभरपाई वेळेवर मिळणं हा कॉरिडॉरच्याच खर्चाचा भाग धरला पाहिजे, नाहीतर शेतकरी एक दिवस तारेत करंट सोडतो, आणि मग आपण त्यालाच शिव्या देतो.

काही जण म्हणतील की पूल-बोगदे बांधू ना नंतर. बांधता येतात, आणि चालतात पण. कॅनडात बान्फ नॅशनल पार्कात हायवेच्या दोन्ही बाजूंना कुंपण आणि वरून-खालून मिळून ४४ रस्ते प्राण्यांसाठी केले, गाडी-प्राणी टकरी ८० टक्क्यांहून जास्त कमी झाल्या, अर्थात ग्रिझली अस्वलांसारख्या बुजऱ्या प्राण्यांना सवय व्हायला काही वर्षं गेली, पहिल्याच वर्षी कोणी 'योजना फेल' म्हणून मोकळं झालं नाही. आपल्याकडे पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या ४४ नंबरच्या नॅशनल हायवेखाली असे नऊ मार्ग आहेत, सगळ्यात मोठा ७५० मीटरचा, २०१९ मध्ये कॅमेरा ट्रॅपमध्ये (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) १८ जातींचे जंगली प्राणी तिथून जाताना टिपले गेले, त्यात ११ वेगवेगळे वाघ. पण हे कधी जमलं, तर कोर्टकचेऱ्या आणि आंदोलनं झाल्यावर, आणि दोन्ही बाजूला जंगल शिल्लक होतं म्हणून. बोगद्याच्या पलीकडे टाउनशिपचं गेट असेल तर वाघ बोगद्यातून जाऊन करणार काय? जुनी वाट आहे तशी ठेवायला त्या मानाने जवळजवळ काहीच खर्च नाही, फक्त नकाशावरची एक रेष पुसायची नाही.

शेवटी संपादक साहेब, तुमच्याकडे एक काम. शहराच्या हद्दवाढीचा, विकास आराखड्याचा मसुदा येतो तेव्हा हरकती-सूचनांची नोटीस तुमच्याच पेपरात छापून येते, इतक्या बारीक टायपात की भिंग घेऊन बसावं लागतं, आणि त्यात नुसते गट नंबर असतात. त्यातून कोणती वाट जातेय, कोणता ओढा जातोय हे कोणाला कळणार? जाहिरातीचा मजकूर तुम्ही बदलू शकत नाही हे मान्य, पण त्याच आठवड्यात बातमीच्या पानावर त्या भागाचा जुना नकाशा आणि नवा मसुदा शेजारी शेजारी छापा, पाव पान पुरे. हरकतींची मुदत संपायच्या आत छापा एवढंच, नंतर आलेल्या सविस्तर रिपोर्टचा हरकत घेणाऱ्याला काही उपयोग नसतो.

आपला,
एक नियमित वाचक