शाळेचे तास कोण मोजणार?

मा. कामगारमंत्री, महाराष्ट्र राज्य
स. न. वि. वि.

अप्पा बळवंत चौकात माझं वह्या-पुस्तकांचं लहानसं दुकान आहे. जूनमध्ये इथं पाय ठेवायला जागा नसते आणि त्याच दिवसांत "काकू, काही काम आहे का?" असं विचारत मुलं येतात. संच बांधायचे, कव्हरं घालायची, गठ्ठे माळ्यावर चढवायचे. गेल्या वर्षी दहावीतला एक जण आला. शाळा सकाळी सातची, साडेबाराला सुटणारी. त्याला दोन ते आठ काम हवं होतं. मी म्हटलं, पाचपर्यंत ये. मनातल्या मनात पैशांचा हिशेब करत तो जरा वेळ उभा राहिला आणि गेला. पुढे कळलं, दुसऱ्या एका दुकानात रात्री नऊपर्यंत असतो.

मुलांनी कामच करू नये, असं मी म्हणणार नाही. गिऱ्हाइकाशी बोलणं, सुटे पैसे चोख परत देणं हे गल्ल्यापाशीच येतं. शिवाय काही घरांत त्या पैशांवरच वह्या येतात. चौदा वर्षांपुढच्या मुलाला, काम धोक्याचं नसेल तर, कायद्याचीही हरकत नाही.

1986 चा तो बाल व किशोरवयीन कामगार कायदा, 2016 च्या दुरुस्तीसकट, मी मुद्दाम वाचला. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, मग तासभर विश्रांती, सगळं धरून दिवसाला सहा तास. संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम बंद. (पहाटे पेपर टाकून दहावीला चांगले गुण मिळवणाऱ्या पोराचं आपण किती कौतुक करतो!) एक कलम तर मला फार आवडलं: एका ठिकाणी काम केलेल्या मुलाला त्याच दिवशी दुसरीकडे कामाला लावायचं नाही.

म्हणजे मूल दमतं, हे कायद्याला कळतं. फक्त शाळेत दमतं, हे त्यानं धरलेलं नाही. साडेपाच तास बाकावर बसून आलेला आणि शाळा सोडून दिलेला, दोघांनाही तेच सहा तास. पेठांतली मुलं शाळेनंतर क्लासला बसतात ते तास तरी कोण मोजतं म्हणा; पण ते आपल्या हातात नाही, हे आहे.

कामाचे तास नियमानं ठरवण्याचा अधिकार याच कायद्यानं राज्य सरकारला दिला आहे. तो वापरा. शाळेच्या दिवशी फार तर तीन तास, सुट्टीत सहा, बोर्डाच्या परीक्षेच्या महिन्यात अजिबात नाही. मजुरी मुलाच्या खात्यात जावी. दहा वर्षांपुढचं मूल स्वतः बचत खातं चालवू शकतं.

अशा मुलांची नोंदवही आम्हाला ठेवावीच लागते: जन्मतारीख, कामाची वेळ, विश्रांतीची वेळ. तिच्यात एक रकाना वाढवा: शाळा किती ते किती. जूनच्या आत झालं तर बरं, मुलं मे महिन्यातच विचारायला लागतात.

आपली,
एक दुकानदार, अप्पा बळवंत चौक, पुणे