दरवाज्याची जागा बदललेल्या बागेतील शेडच्या सदोष रचनेबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : 2.4 × 3.0 मीटरच्या लाकडी शेडमध्ये मागणीनुसार केलेल्या बदलांतील त्रुटी, सुटे भाग आणि दुरुस्तीची मागणी.

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीकडून घेतलेल्या शेडमध्ये चार बदल मागितले होते. 120 सेंमीचा दोन झडपांचा दरवाजा गॅबलच्या (छताच्या त्रिकोणी टोकाखालच्या) भिंतीऐवजी 3 मीटरच्या लांब भिंतीत हवा होता. मागच्या भिंतीतील खिडकीचा तळ 110 सेंमीवर, अवजारे टांगण्यासाठी आडवे आधार आणि समोरासमोर दोन झरोके, हे बाकीचे तीन. मंजूर आराखड्यात हे चारही बदल दिसतात. प्रत्यक्षात आपण दरवाज्याची जागा तेवढी हलवली. तो हलवल्यामुळे रचनेत जे बदलायला हवे होते, ते बदललेले नाही.

गॅबलच्या भिंतीवर छताचे ओझे जवळजवळ येत नाही, म्हणून तिथल्या दरवाज्यावर साधी पट्टी चालते. लांब भिंतीवर मात्र दर 60 सेंमीला एक वासा टेकतो. दरवाज्यासाठी दोन उभे खांब काढले गेले आणि त्यांच्यावरचे दोन वासे आता मोकळ्या जागेवर आहेत. त्यांच्याखाली आडवी टाकलेली एकच 38 × 89 मिमीची पट्टी आहे, तीही सपाट बाजूवर. ती मध्यभागी 6 मिमी वाकली आहे. दरवाज्यावरची फट 4 मिमी होती, त्यामुळे दोन्ही झडपा जिथे मिळतात तिथे वर घासतात आणि कडी बसत नाही.

पाया समतल नसल्यामुळे असे होते, असे आपल्या सेवा विभागाचे म्हणणे आहे. ते मान्य नाही. पाया 10 सेंमी दाबलेल्या खडीचा आहे, त्याचे दोन्ही कर्ण 3842 मिमी भरतात आणि चारही कोपरे लेव्हलमध्ये आहेत. पाया खचला असता तर चौकट एका बाजूला कलली असती आणि फट एका कोपऱ्यात जास्त, दुसऱ्यात कमी झाली असती. इथे चौकटीच्या दोन्ही बाजू ओळंब्यात आहेत, बिजागऱ्यांकडची फट जशीच्या तशी आहे आणि फक्त मधली मिटली आहे. दोष वरच्या पट्टीत आहे, याला आणखी पुरावा लागू नये.

दरवाज्याला वरून रंधा मारण्याचा उपायही सुचवला गेला. तो करू नये. पट्टी अजून वाकेल, दरवाजा पुन्हा अडेल आणि रंधलेल्या कडेचे संरक्षक लेपन गेल्यामुळे झडपेच्या उभ्या फळ्यांची टोके उघडी पडून पाणी पितील. तिथे लिंटेलच (दरवाज्यावरचा भार पेलणारी आडवी तुळई) हवे : 38 × 140 मिमीच्या दोन फळ्या उभ्या कडेवर, मध्ये 12 मिमी प्लायवूड, म्हणजे जाडी खांबाएवढीच भरते, आणि दोन्ही टोकांना लिंटेल पेलणारा एकेक जादा खांब. बसवताना आधी वासे टेकूने उचलून घ्यावे लागतात, नाहीतर वाकलेली पट्टी वाकलेलीच राहते.

दरवाजा लांब भिंतीत आला की पागोळ्या थेट त्यावर पडतात. छताचा पुढावा फक्त 5 सेंमी आहे आणि पन्हळ दिलेलाच नाही. पाणी उंबऱ्यावर आपटून खालच्या फळ्यांवर उडते. त्या आताच काळ्या पडू लागल्या आहेत. ही गोष्ट आराखडा तपासणाऱ्याच्या लक्षात यायलाच हवी होती.

खिडकीचा तळ 90 सेंमीवर आला आहे. कामाचे टेबलही 90 सेंमी उंच असल्याने टेबलावर मागे ठेवलेली प्रत्येक वस्तू काचेला लागते. अवजारांच्या भिंतीत आडवे आधार नाहीत आणि 12 मिमीच्या फळीत स्क्रू फावडे-कुदळीचे वजन धरत नाही, तो उपटून येतो. झरोके दिलेले नाहीत. पन्हाळी पत्र्याच्या आतल्या बाजूला पहाटे दव साचते आणि खाली ठेवलेल्या अवजारांवर ठिबकते.

स्क्रूंबद्दल वेगळे लिहितो. तांबेयुक्त परिरक्षक (लाकूड कुजू नये म्हणून लावायचे रसायन) दिलेल्या लाकडात साधा, पातळ जस्त-लेपाचा स्क्रू लवकर गंजतो. तळाच्या चौकटीत तेच स्क्रू आहेत आणि त्यांच्याभोवती तपकिरी डाग आले आहेत. तिथे जाड गरम-जस्तलेपाचे किंवा स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू लागतात. कारखान्यात कापलेल्या टोकांना परिरक्षक लावलेले नाही, तेही सोबत पाठवावे.

मागणी अशी : लिंटेल, दोन जादा खांब व आडवे आधार, योग्य मापाची खिडकीची चौकट, पन्हळ, दोन झरोके (एक खाली, दुसरा समोरच्या भिंतीत वर) आणि तळाच्या चौकटीचे सर्व स्क्रू विनाशुल्क द्यावेत व आपल्याच कारागिरांकडून बसवून द्यावेत. लिंटेलचे काम सर्वात आधी करावे, कारण वासे त्या पट्टीवर रोज दाब देत आहेत. 15 दिवसांत लेखी उत्तर व कामाची तारीख कळवावी. तसे न झाल्यास ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे दाद मागावी लागेल.

मंजूर आराखडा, मापे दाखवणारी छायाचित्रे आणि पावतीची प्रत सोबत जोडली आहे.

आपला,
ग्राहक