आधी पट्टी बघा, मग गाणं ठरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डिसेंबर उजाडला की आपल्या अंकाच्या जिल्हा पानावर शाळांच्या गॅदरिंगचे फोटो सुरू होतात. खाली 'विद्यार्थ्यांनी बहारदार समूहगीत सादर केले' ही ओळ ठरलेली. मी ३१ वर्षं माध्यमिक शाळेत संगीत शिकवलं, निवृत्तीनंतर अधूनमधून स्पर्धांना परीक्षक म्हणून बसतो, आणि बहारदार म्हणावं असं समूहगीत अलीकडे मला फार क्वचित ऐकायला मिळालं आहे. यात मुलांचा दोष नाही. घोळ होतो तो गाणं निवडताना.

हल्ली गाणं ठरतं ते असं. दिवाळीच्या सुट्टीत शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एखादा व्हिडिओ येतो. सगळ्यांना आवडतो. 'हेच बसवूया' म्हणून त्याचा ट्रॅक उतरवून घेतात आणि शाळा उघडली की ४० मुलं त्या ट्रॅकच्या मागे धावायला लागतात. ही चाल कोणाच्या गळ्यासाठी बांधली होती, हे विचारायचं राहूनच जातं.

'ने मजसी ने' घ्या. सावरकरांनी १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर लिहिलेली ही कविता आपण ज्या चालीत ऐकतो, ती हृदयनाथांची. गायली आहे मंगेशकरांच्या पाचही भावंडांनी मिळून. ती चाल आठवी 'ब'ला दोन आठवड्यांत बसवायची म्हणजे काय होतं, ते परीक्षकाच्या खुर्चीत बसून बघावं. पहिल्या ओळीला सगळे असतात, वरच्या जागेला पुढच्या रांगेतल्या तीन मुली उरतात. राज्यगीताचंही तेच. १९ फेब्रुवारी २०२३ पासून 'गर्जा महाराष्ट्र माझा' राज्यगीत झालं, शाळाशाळांत वाजू लागलं, फार चांगलं झालं. पण संगीतकार श्रीनिवास खळ्यांची ती चाल आपल्या कानात आहे ती शाहीर साबळ्यांच्या पहाडी आवाजात, त्यांच्या पट्टीत, म्हणजे त्यांच्या गळ्याला सोयीच्या 'सा'वरून. पुरुषाच्या आवाजातला ट्रॅक लावला की लहान मुलांना दोनच वाटा राहतात. खाली उतरावं तर आवाज फुटत नाही, वरच्या सप्तकात जावं तर किंकाळी निघते. बहुतेक मुलं किंकाळी निवडतात आणि आपण त्याला जोश म्हणतो.

ट्रॅकची पट्टी मोबाईलवर बदलता येते, हे माझ्या नातवानं मला दाखवलं, तेव्हा ट्रॅकची पट्टी हलवता येत नाही, असा युक्तिवाद मी करत नाही. पण बदलायची किती आणि कोणाकडे बघून, हे मोबाईल सांगत नाही. ते पेटीवर कळतं. वर्ग उभा करा, मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून, म्हणजे पहिल्या पांढऱ्या पट्टीपासून, एकेक सूर चढत जा आणि मुलांच्या हनुवट्यांकडे बघा. ज्या सुराला हनुवट्या वर जातात, तिथे त्या वर्गाचा पल्ला संपला. पाचवी-सहावीच्या मुलांना साधारण एक सप्तक आणि वर एखादा सूर आरामात मिळतो. आता चालीचा पल्ला मोजा. चाल षड्जापासून (सा) तार षड्जापर्यंत (वरचा सा) जात असेल तर पांढरी एकला सा धरा. खालच्या पंचमापासून (प) मधल्या पंचमापर्यंत फिरत असेल तर पांढरी चारला सा धरा, म्हणजे गाणं त्याच जागेत येऊन बसतं. आणि चाल खालच्या पंचमापासून तार गंधारापर्यंत (वरचा ग) जात असेल तर नमस्कार करून ते गाणं पुढे जाऊ द्या. कितीही आवडलं असलं तरी. मुलांनी घरी जाऊन ते मोकळेपणानं ऐकावं, गायला दुसरं घ्यावं.

आमच्या कुडाळ तालुक्यातले संगीतकार वसंत देसाई यांना हे बरोबर कळलं होतं. 'ऐ मालिक तेरे बंदे हम' १९५७ च्या चित्रपटातलं, 'हमको मन की शक्ती देना' १९७१ च्या, दोन्ही चाली त्यांच्या आणि दोन्ही अजून शाळांच्या परिपाठात आहेत. गायला सोप्या म्हणून टिकल्या, असं मी म्हणतो. 'एक सूर, एक ताल' या समूहगानाच्या उपक्रमात हजारो शाळकरी मुलांना मैदानावर एकत्र गायला लावणारा हा माणूस, त्याला सामान्य गळा ठाऊक होता. फुगडीची गाणीही त्याच जातीची. एकीनं उचलायचं, बाकीच्यांनी झेलायचं, पल्ला चार-पाच सुरांचा, आणि शब्द घरातलेच. गॅदरिंगला फुगडी असते ती मात्र रेकॉर्ड डान्स म्हणून, स्पीकरवरच्या गाण्यावर. तोंडं बंद ठेवून फुगडी घालणाऱ्या मुली बघितल्या की मला चमत्कारिक वाटतं.

हे सगळं मी शहाणपणानं लिहीत असलो तरी माझीही पाटी कोरी नाही. १९९० च्या आसपास आमची शाळा आंतरशालेय स्पर्धेत उतरली होती. गाणं मीच निवडलेलं, उंच पट्टीचं, मला स्वतःला गायला आवडणारं. आठवीतल्या एका मुलाचा आवाज त्या महिन्यातच फुटत होता. मधेच जाडा, मधेच चिरका, रांगेत वेगळा ऐकू यायचा. स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्याला बाजूला घेऊन मी म्हटलं, ''तू उभा राहा, फक्त ओठ हलव.'' त्यानं हलवले. आमचा दुसरा नंबर आला. पुढे वीसेक वर्षांनी त्याच्या रिक्षात बसलो. ओळख निघाली, जुन्या गोष्टी निघाल्या, भजनी मंडळात जातोस का, म्हणून मी सहज विचारलं. तो समोर रस्त्याकडे बघत म्हणाला, ''गुरुजी, माका गावूक येणा नाय, तुमीच सांगलेलात.''

त्या मुलाला खालचा षड्ज धरून ठेवायला सांगितलं असतं तरी काम झालं असतं. सातवी ते नववीच्या प्रत्येक वर्गात असे चार-पाच मुलगे असतातच. त्यांना ध्रुवपदाखाली एकच सूर धरायला द्या. चुकला तर झांज द्या, पण ध्रुवपद त्यालाही म्हणू द्या. यासाठी मोठं संगीत शिकलेलं असावं लागत नाही.

शिकवणारं माणूस मात्र लागतं. सहावी ते आठवीचा पट १०० च्या वर असेल तर कलेसाठी अंशकालीन निदेशक असावा, असं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेलं आहे. आमच्या भागात मी ज्या शाळांत जातो, तिथे पेटीला हात लावणारे सर गणिताचे असतात नाहीतर मराठीचे, आणि पेटी कपाटावर. भाता फाटलेला. त्या सरांनी ट्रॅक लावला तर मी त्यांना नावं कशी ठेवू?

म्हणून मुख्याध्यापकांना एवढंच सुचवतो की, गाणं सुट्टीत ग्रुपवर ठरवू नका. शाळा उघडल्यावर वर्गासमोर ठरवा. कुडाळ परिसरातल्या ज्या शाळेला पट्टी ठरवायला कोणी हवं असेल, तिथे मी माझी पेटी घेऊन एसटीनं येईन, मानधन नको. स्टँडवर पेटी उचलायला दोन पोरं मात्र पाठवावीत. कंबर आता ऐकत नाही.

आपला,
एक निवृत्त संगीत शिक्षक, कुडाळ