अंदमानला निघालात? ताडोब्याची सवय घरी ठेवा

मा. संपादक,

दिवाळी आटोपली की नागपुरातून अंदमानला जाणाऱ्यांची रीघ लागते. त्यांतल्या बऱ्याच जणांचा हात ताडोबा-पेंचच्या जिप्सीत कॅमेऱ्यावर बसलेला असतो. पर्यटन पुरवण्यांत हॉटेलांची भाडी आणि बोटींची माहिती येते, पण बेटावर एक दिवस उतरून प्राण्यांचे फोटो काढायचे तर काय सांभाळावे, हे कुठे छापून येत नाही. म्हणून हे पत्र.

पहिली गफलत हवेशी होते. आपल्याकडे हिवाळ्यात हवा कोरडी, त्यामुळे शत्रू एकच, धूळ. तिकडे डिसेंबरातही हवा दमट असते. एसीच्या खोलीत रात्रभर गारठलेली लेन्स सकाळी बाहेर काढली की काचेवर लगेच दव धरते. ते पुसून उपयोग नाही, काच गार आहे तोवर ते पुन्हा धरणारच. त्याच वेळी लेन्स बदलली तर ओल आत जाऊन सेन्सरवर बसते. निघण्यापूर्वी पाऊण तास बॅग बंदच ठेवून बाल्कनीत काढावी, म्हणजे सामान हळूहळू बाहेरच्या तापमानाला येते.

दुसरी गफलत घड्याळाशी. नागपूर ७९ रेखांशावर, पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्री विजयपुरम) जवळपास ९३ वर, आणि घड्याळ दोन्हीकडे एकच. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. प्रवासी बोटीने बेटावर पोहोचेपर्यंत मात्र बहुधा ऊन चढते, म्हणजे सकाळचा कोवळा प्रकाश दिवसाच्या सहलीत सहसा मिळत नाही. तेव्हा भर दुपारी झाडीत शिरावे आणि साडेतीन ते साडेचारचा तास किनाऱ्यासाठी राखून ठेवावा. परतीची बोट किती वाजता, हे उतरतानाच विचारावे.

पण सगळ्यात मोठी गोष्ट भरती-ओहोटीची. आपल्या विदर्भाला समुद्र नाही, त्यामुळे हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. खडकांतल्या डबक्यांत अडकलेले मासे, खेकडे, समुद्रकाकड्या हे सारे ओहोटीलाच दिसते, आणि ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी इथे कामाला येते. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाण असते, तेव्हा पाणी सर्वांत दूर ओसरते; अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी फारसे हटत नाही. नेमकी वेळ सर्व्हे ऑफ इंडियाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळते, नाहीतर नावाड्याला विचारावी. पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी पोहोचून पाण्यामागोमाग आत जावे आणि पाणी फिरले की आपणही फिरावे. पाय फक्त वाळूवर किंवा उघड्या खडकावर. प्रवाळ दगडासारखे दिसले तरी ते जिवंत असते आणि चपलेखाली मोडते. डबक्यावरची चकाकी घालवायला लेन्सवर पोलरायझर हा फिल्टर लावावा. तो दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), आणि सरळ वरून पाहण्यापेक्षा तिरके पाहिले तरच नीट काम करतो.

६०० मिलिमीटरची जड लेन्स समुद्र गरुडासाठी ठीक आहे, एरवी ती अडचणच. बेटावरचे जीव लहान आणि जवळ असतात. अशा मोठ्या झूम लेन्सना फोकससाठी बहुधा अडीच-तीन मीटर अंतर लागते. अंदमानची हिरवी पाल मात्र शांतपणे गेल्यास हातभर अंतरावर येऊ देते. वीतभरही नसते ती, पाठीवर लाल ठिपके, आणि आपल्या घरातल्या पालीसारखी रात्री नाही तर दिवसा हिंडते. जवळ गेलो की ती खोडाच्या पलीकडे सरकते. तिच्यामागे खोडाभोवती फिरू नये. हलायचे नाही, दोन-तीन मिनिटांत ती परत येते. पापण्या नसल्यामुळे ती जिभेने डोळा पुसते, तो क्षण धरायचा तर १०० मिलिमीटरची मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची लेन्स), छिद्र एफ ८ आणि शटर निदान १/२५० सेकंद. झाडीत अंधार असतो, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १६०० ते ३२०० करायला घाबरू नये. फ्लॅश नकोच, त्या हिरव्या अंगावर पांढरे डाग पडतात.

शंखात राहणाऱ्या खेकड्याचेही तसेच. आपली सावली अंगावर पडली की तो आत जातो. सावली बाजूला पडेल असे वाळूवर पालथे झोपावे आणि वाट पाहावी. पांढऱ्या वाळूने कॅमेऱ्याचे प्रकाश मोजणारे मीटर फसते आणि फोटो करडा येतो, म्हणून एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवावे. आणि रिकामा शंख उचलून आणू नये: या खेकड्याचे मागचे अंग मऊ असते आणि वाढेल तसे त्याला मोठे घर लागते. तुमच्या शोकेसमधला शंख म्हणजे त्याचे गेलेले घर. प्रवाळ तर मेलेले, पांढरे पडलेले असले तरी विमानतळावर जप्त होते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ त्यालाही लागू आहे.

रॉस बेटावर (२०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) चितळ अगदी जवळ येतात. ते अंदमानचे नव्हेत, ब्रिटिशांनी आणून सोडलेले. तिथे त्यांना खाणारा वाघ-बिबट नाही, आणि चितळ रोपटी खाऊन टाकतात, त्यामुळे जंगलाला नवी झाडे येणे अवघड होते. पडक्या भिंती आणि त्यांना वेढलेल्या वडवर्गीय मुळांसह त्यांचा फोटो जरूर काढा, बिस्किटे मात्र देऊ नका.

बारातांग बेटावर जाणाऱ्यांनी जारवा आदिवासींच्या जंगलातल्या रस्त्यावर कॅमेरा बॅगेतच ठेवावा, तिथे फोटो काढणे गुन्हा आहे. खारफुटीच्या खाडीत मगरी असतात, पाण्याच्या कडेला बसू नये.

होडीतून उतरताना गुडघाभर पाणी लागू शकते, म्हणून कोरड्या वाळूवर पोहोचेपर्यंत कॅमेरा ड्राय बॅगेत आणि दोन्ही हात मोकळे. संध्याकाळी लेन्स कोरड्या कापडाने पुसू नये. वाळलेले मीठ काचेवर घासले जाते आणि कोटिंगवर ओरखडे उठतात. आधी ब्लोअरने (हवेच्या रबरी फुग्याने) फुंकावे, मग पिण्याच्या पाण्यात जरासे ओले केलेले मायक्रोफायबर, शेवटी कोरडे. ट्रायपॉडचे पाय किनाऱ्यावर मिटले तर वाळू आत शिरून लॉक अडकतात. ते उघडेच आणून गोड्या पाण्याने धुवावेत आणि रात्रभर उघडे वाळवावेत.

आपल्या पर्यटन पुरवणीत हिवाळ्याच्या अंकात बोटींच्या माहितीशेजारी पोर्ट ब्लेअरच्या ओहोटीच्या वेळा छापता आल्या तर छापाव्यात, ही विनंती.

– काही वन्यजीव छायाचित्रकार, नागपूर