दुःखाच्या काळात मांजरीला घराबाहेर काढू नका

महोदय,

घरात मृत्यू झाला की पाळीव मांजर कुणाला तरी देऊन टाकण्याचा सल्ला हटकून दिला जातो. तो मानण्यापूर्वी कुटुंबांनी थोडे थांबावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आमचे सासरे गेल्यानंतर तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले होते, परंतु पाहुणे परतल्यावर सासूबाईंनी अंथरूण धरले, तेव्हा त्यांना उठवले ते आमच्या मनीने. उकडलेल्या मांदेलीसाठी ती पहाटे त्यांच्या पदराला पंजा लावून ओरडत राही आणि काटे काढून देण्यासाठी का होईना, त्या स्वयंपाकघरात येत. पुढे तिच्याशी बोलता बोलता त्या सासऱ्यांविषयीही बोलू लागल्या, जे आमच्याजवळ त्यांना जमत नव्हते. माणूस गेल्यावर मांजरही कधी कधी खाणे सोडते, आणि दोन-तीन दिवसांच्या उपासानेही तिच्या यकृताला धोका संभवतो, म्हणून तिला वेळीच पशुवैद्यांना दाखवावे. मात्र दुःखावर उतारा म्हणून घाईने नवे पिल्लू आणू नये. ती पंधरा-पंधरा वर्षांची जबाबदारी असते. गृहनिर्माण संस्थांनीही ध्यानात घ्यावे की, भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही.

— एक वाचक, डोंबिवली