फळा अजून रंगवू नकोस

लॉस बान्योस, फिलिपिन्स, २० डिसेंबर

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या नव्या हॉटेलचं मेनूकार्ड आईने व्हॉट्सॲपवर पाठवलं. पावभाजीपासून पास्त्यापर्यंत काही सोडलं नाहीस! कर्जतला गाडी थांबली की लोक वडा मागतात, हे मी तुला काय सांगणार. इथल्या एका छोट्या दुकानाबद्दल मात्र लिहितो. पटलं तर घे, नाहीतर सोडून दे.

१६ ते २४ डिसेंबर इथली माणसं उजाडायच्या आधी चर्चला जातात. ‘सिम्बांग गाबी’ म्हणतात त्याला. कापणीच्या दिवसांत शेतकऱ्याला रानात जाण्याआधी मिसा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, मिळावी म्हणून स्पॅनिश अमदानीत ही वेळ ठरली, असं सांगतात. आपली काकडआरतीच म्हण. मिसा सुटली की दारातल्या टपऱ्यांवर बिबिंकासाठी झुंबड उडते. केळीच्या पानावर तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध ओतायचं, खाली निखारे, वर झाकणावरही निखारे. वरून खारवलेलं अंडं आणि ओलं खोबरं. गरम असेतो छान, गार झाली की घशाखाली उतरत नाही. बांबूच्या नळीत वाफवलेला जांभळ्या तांदळाचा पुतो बुंबोंग मात्र मी परत मागून घेतला.

गर्दी ओसरल्यावर मी चर्चच्या आवारातल्या कॅफेत जातो. चर्चमधल्याच तीन-चार बायका चालवतात. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर मेरीमाता, गाणी नाहीत, टीव्ही नाही. आलेला माणूस क्रूसाची खूण करतो आणि जेवायला लागतो. उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा, सुरी नाहीच. कोणी कोणाशी फार बोलत नाही, पण उठ म्हणूनही कोणी बघत नाही. कॉफी बातांगासची, बाराको, चांगली कडक. मला एरवी कॉफी आवडत नाही, तुला ठाऊक आहे.

फळ्यावर मोजून पाच नावं, आणि बहुतेकांच्या पोटात एकच वस्तू: सिनांगाग. म्हणजे रात्रीचा उरलेला भात, भरपूर लसूण तेलात लाल करून परतलेला, वर मीठ. हळद नाही, मोहरी नाही. सोबत तळलेलं अंडं आणि व्हिनेगर-लसणात मुरवून तळलेला बांगुस मासा. मासा नको असेल तर सॉसेज किंवा मांस. बाजूला मिरची घातलेलं व्हिनेगर. संपलं.

आपण फोडणीचा भात घरच्या घरी, जरा लपवूनच खातो. पाहुणा आला की पोहे टाकतो. इथे तोच भात पैसे घेऊन मानाने वाढतात. मी आयुष्यभर भाताच्या वाणांवर काम केलं, पण शिळ्या भाताचा असा विचार माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. ज्या गावात १९६० साली आमची ही भातसंशोधन संस्था उभी राहिली, जिथून १९६६ला आयआर-८ हा भाताचा वाण जगभर गेला, त्याच देशाला आज तांदूळ बाहेरून आणावा लागतो, तोही जगात सर्वांत जास्त आणणाऱ्यांत मोडावा इतका. बेटांवर सपाट, ओलिताखालची जमीन मुळात थोडी, त्यात दरवर्षी वादळं. भात टाकून देणं इथे परवडणारच नाही.

तर माझं म्हणणं, पास्ता काढ. पनीर चिली तर आधी काढ. फोडणीचा भात ठेव, वर तळलेलं अंडं, बाजूला सुकटीची चटणी. शाकाहाऱ्याला शेंगदाणे आणि दही. सकाळी सातच्या कर्जत लोकलला पळणाऱ्या माणसाला दुपारपर्यंत पुरेल, आणि भांडवल म्हणशील तर एक मोठी कढई. भात रात्रीच शिजवून परातीत पसर, गार झाला की लगेच फ्रिजमध्ये टाक, बाहेर राहू देऊ नकोस. सकाळी हाताने मोकळा कर. लसूण ठेचून घे, चिरू नकोस.

मी २९ला पोचतोय. तोवर पेंटरला थांबव. आजीला इथलं काही सांगू नकोस, शिळं विकायला शिकवतो म्हणून मलाच ओरडेल.

तुझा,
बाबा