गेम विकणाऱ्याला कॅसिनोच्या रांगेत उभे करू नका

मा. संपादक,

गोव्यात आयटी उद्योग वाढवण्याची भाषा होते तेव्हा चर्चा जागा, वीज आणि अनुदान यांच्याभोवतीच फिरते. एकट्याने किंवा दोघा-तिघांनी मिळून छोटे व्हिडिओ गेम बनवून विकणाऱ्यांची गोची निराळीच आहे. गेम खपतो, पण गिऱ्हाइकाने मोजलेले पैसे बँकेत पोचेपर्यंत त्याला वाटेत गळती लागते. आणि पहिला अडसर तर विक्रीच्याही आधी येतो.

पेमेंट गेटवेकडे (गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे घेऊन विक्रेत्याला पोचवणाऱ्या कंपनीकडे) अर्ज करताना व्यवसायाचा प्रकार भरावा लागतो. तिथे नुसते ‘गेमिंग’ लिहिले की अर्ज जुगाराच्या गठ्ठ्यात जाण्याचा धोका असतो. २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांचे व्यवहार बँका आणि गेटवे यांना मना केले आहेत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यामुळे अर्ज तपासणारा ताकही फुंकून पितो, यात त्याला दोष देता येत नाही. त्यातून पत्ता गोव्याचा, म्हणजे मांडवीतली कॅसिनो जहाजेच आधी आठवणार! वास्तविक कार्ड कंपन्यांच्या यादीत दोन्ही धंद्यांचे संकेतांक वेगळे आहेत. जुगाराचा ७९९५, डिजिटल गेमच्या विक्रीचा ५८१६. अर्जात ५८१६ स्पष्ट मागावा आणि सोबत एक ओळ लिहावी: ‘ठरावीक किंमत एकदाच घेऊन डाउनलोडसाठी दिला जाणारा गेम, यात पैज, ठेव किंवा रोख बक्षीस नाही.’ वेबसाइटवर किंमत, परताव्याच्या अटी आणि संपर्काचा पत्ता आधीच असावा, नाहीतर अर्ज त्यावरूनही परत येतो. गेममध्ये लूट बॉक्ससारखे (पैसे देऊन उघडायची, आत काय निघेल ते आधी न कळणारी पेटी) काही असेल तर ते लपवू नये. नंतर उघडकीस आले तर खाते गोठते आणि आतली रक्कम अडकून पडते.

आता गळतीचा हिशेब. परदेशातून पेपॅलने पैसे घेतले तर साधारण ४.४ टक्के आणि वर ३० सेंट जातात. टक्केवारीकडे सगळ्यांचे लक्ष असते. मारतात ते ३० सेंट. एक डॉलरच्या गेमवर ३४ सेंट, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. पाच डॉलरवर ५२ सेंट, साधारण दहा टक्के. वीस डॉलरवर तोच भार सहा टक्क्यांच्या आत येतो. त्यानंतर डॉलरचे रुपये करताना तीन-चार टक्के दरातच कापले जातात, ते पावतीवर फी म्हणून दिसतही नाहीत. म्हणून एक-दोन डॉलरचे गेम सुटे विकूच नयेत; चार-पाच एकत्र बांधून एकाच व्यवहारात द्यावेत.

स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाचा तीस टक्के वाटा ऐकून लोक भडकतात. भारतात ५०० रुपयांना विकलेल्या गेममधून १८ टक्के जीएसटी वजा जाता ४२४ रुपये उरतात आणि वाटा गेल्यावर सुमारे २९७. हे कमी आहेच. पण त्या तीस टक्क्यांत कार्डाची फी, देशोदेशीचा कर भरण्याची आणि परताव्याची उस्तवार येते. स्वतःच्या साइटवरून युरोपात विकायचे तर पहिल्याच विक्रीपासून तिथला व्हॅट लागू होतो, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. ती कटकट नको असेल तर पॅडलसारखी कंपनी कागदोपत्री स्वतः विक्रेता बनून कर भरते. दर पाच टक्के आणि ५० सेंट. स्ट्राइप हा परदेशी गेटवे भारतात २०२४ पासून निमंत्रणावरच खाते देते, तेव्हा परदेशी ट्यूटोरियल पाहून त्यावर योजना आखू नये.

सर्वांत वाईट दुखणे चार्जबॅकचे, म्हणजे कार्डधारकाच्या तक्रारीवरून बँक विक्रेत्याकडून पैसे परत खेचते त्याचे. चोरीच्या कार्डाने पंधरा-वीस कीज (गेम चालू करण्याचे सांकेतिक क्रमांक) एकदम घेतल्या जातात, दुसरीकडे स्वस्तात विकल्या जातात आणि काही आठवड्यांनी खरा कार्डधारक बँकेत तक्रार करतो. विक्रेत्याची की गेली, पैसे गेले, वर तक्रारीचा दंड. साधा परतावा दिला तरी आधी कापलेली फी परत येत नाही. उपाय असा की एका ऑर्डरमागे एकच की, पहिल्या खरेदीला काही तासांचा विलंब, आणि ईमेल, आयपी पत्ता व डाउनलोडची वेळ यांची नोंद जपून ठेवणे. दावा लढवताना हीच नोंद कामी येते. तक्रारींचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास गेले की खातेच धोक्यात येते.

स्टीमवरून अमेरिकेत झालेल्या विक्रीवर तिथे कर कापला जातो. त्यासाठीच्या डब्ल्यू-८बेन फॉर्ममध्ये भारत-अमेरिका करकराराचा रकाना कोरा सोडला तर ३० टक्के. भरला आणि पॅन दिला तर १५. हा कापलेला कर इथल्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो. फॉर्मची मुदत सहीच्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षअखेरीस संपते. तारीख कॅलेंडरवर मांडून ठेवावी, कारण मुदत उलटली की कपात गुपचूप वाढते. जीएसटी नोंदणी असेल तर एलयूटी (जीएसटी न भरता निर्यात करण्याचे हमीपत्र) दरवर्षी नव्याने भरावे लागते, आणि गेटवेच्या फीवरच्या १८ टक्क्यांची वजावटही मिळते. नोंदणी नसलेल्याला तो भार अंगावर घ्यावा लागतो.

म्हापशाच्या बाजारात यूपीआयने मासळी घेतली तर विक्रेतीला काही कापून जात नाही. गेम गेटवेतून विकला की त्याच यूपीआयवर साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी, कारण पैसे आल्याबरोबर की आपोआप पाठवण्याची सोय गेटवेच देतो. ते समजू शकते. परंतु परदेशातून रक्कम आल्यावर शाखेत पर्पज कोड (रक्कम कशासाठी आली ते सांगणारा संकेतांक) कोणता लावायचा, आवक रकमेचे प्रमाणपत्र कोण देणार, हे विचारले की कर्मचारी एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. चुकीचा कोड लागला की निर्यातीचा पुरावाच लंगडा पडतो. राज्यस्तरीय बँकर्स समितीने प्रत्येक बँकेची निदान एक शाखा पणजी किंवा मडगावात यासाठी नेमून तिचे नाव जाहीर करावे. माहिती तंत्रज्ञान खात्याने नोंदणीकृत गेम विक्रेत्यांना ‘हा व्यवसाय जुगाराचा नाही, संकेतांक ५८१६’ असे एक पानी पत्र द्यावे. त्याला ना जमीन लागते, ना अनुदान.

— एक गेम विक्रेता, फोंडा